सेफ्टी रेझरची दाढी : हात हलका, मन निवांत

महात्मा फुले मंडई १८८६ साली ‘रे मार्केट’ या नावाने सुरू झाली, तेव्हा दाढीचे साधन म्हणजे वस्तरा. त्यानंतर अठरा वर्षांनी, १९०४ मध्ये, किंग कॅम्प जिलेट यांना अमेरिकेत सेफ्टी रेझरचे पेटंट मिळाले आणि हळूहळू दाढी घरच्या आरशापुढे आली. आपल्यापैकी अनेकांनी तरुणपणी तोच रेझर वापरला असेल. आज पुन्हा तो हाती घ्यावासा वाटत असेल, तर मंडई-तुळशीबागेत खरेदीला निघण्यापूर्वी थोडा विचार करावा.

‘सेफ्टी’ या शब्दावर फार विसंबू नये. पात्याखालची कड जखम खोल होऊ देत नाही, इतकेच. वयपरत्वे त्वचा पातळ व सैल होते. ती सहज कापते आणि भरून यायला वेळ लागतो. हात थरथरत असेल, नजर अधू असेल, विस्मरणाचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर विजेवर चालणारे दाढीचे यंत्र अधिक सुरक्षित. दाढीसाठी अशी औषधे स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नयेत. मधुमेहींनी लहानशा जखमेकडेही दुर्लक्ष करू नये.

हात स्थिर असेल, तर मात्र ही दाढी सुखाची ठरते. स्नानानंतर किंवा दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याचा टॉवेल चेहऱ्यावर ठेवून केस मऊ करावेत. ब्रशने साबणाचा दाट फेस करावा. उजेडात, आरशासमोर खुर्चीवर बसावे. दुसऱ्या हाताच्या बोटांनी सुरकुती ताणून धरावी आणि केसांच्या दिशेने, सुलट्या हाताने, आखूड आखूड फिरवावे. पाते त्वचेशी साधारण तीस अंशांच्या कोनात असावे. दाब देऊ नये; रेझरचे वजनच पुरेसे असते. तीळ, चामखीळ यांना वळसा घालावा. उलट्या हाताच्या गुळगुळीतपणाचा मोह टाळलेलाच बरा.

शेवटी थंड पाणी व हवा तर तुरटीचा ओला खडा. तुरटीने बारीक ओरखडे आवळतात. पण एकाचा खडा दुसऱ्याने वापरू नये. पाते तर कधीच नाही, कारण रक्तावाटे काविळीचे विषाणू पसरू शकतात. कापलेच, तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, मध्ये उघडून पाहू नये. तरीही रक्त थांबले नाही, तर डॉक्टरांकडे जावे.

अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची दाढी करणाऱ्यांनी यंत्रच वापरावे. उशीने डोके उंच करावे, प्रत्येक वेळी ‘आता हनुवटी’, ‘आता गाल’ असे सांगून मगच हात लावावा आणि झाल्यावर त्यांच्या हाती आरसा द्यावा. आजारपणात माणसाला आपला चेहरा ओळखीचा दिसणे, हेही औषधच.

राहता राहिले वापरलेले पाते. ते कचऱ्यात मोकळे टाकू नका. पुण्यात घरोघरचा कचरा माणसांच्याच हातांनी वेगळा होतो. झाकणाच्या डब्याला फट पाडून त्यात पाती साठवावीत. भरल्यावर फट चिकटपट्टीने बंद करावी, वर ‘पाती’ असे ठळक लिहावे आणि डबा कचरा नेणाऱ्यांच्या हाती सांगून द्यावा. आपला गाल जपला, तसे त्यांचे हातही जपू या.