सुकन्या खातं: जितकं लवकर, तितकं कामाचं

निफाड-दिंडोरीत द्राक्षाचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये आटोपतो, तेव्हा बागायतदाराच्या हाती वर्षाचा पैसा येतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना महिन्याला पगार मिळतो. दोघांच्याही घरी लेक जन्मली असेल, तर तिच्या कॉलेजच्या तरतुदीची सुरुवात सुकन्या समृद्धी खात्यापासून करावी. मात्र हे खातं जन्मल्यावर लगेच उघडण्यात आणि आठ-नऊ वर्षांनी उघडण्यात फार मोठा फरक आहे.

आधी नियम पाहू. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत मुलीला दहा वर्षं पूर्ण होईपर्यंत पोस्टात किंवा बँकेत खातं उघडता येतं. मुलीचा जन्मदाखला आणि पालकांचं आधार व पॅन लागतं. वर्षाला किमान २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. पैसे १५ वर्षं भरायचे आणि खात्याची मुदत २१ वर्षांची. ही २१ वर्षं खातं उघडलं त्या दिवसापासून मोजतात, मुलीच्या वयावरून नव्हे. जन्मल्यावर खातं उघडलं तर मुदत पदवीच्या सुमारास संपते. नवव्या वर्षी उघडलं तर मुलगी तिशीला पोहोचते.

आता हिशेब करू. व्याजदर दर तिमाहीला ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये तो ८.२ टक्के झाला, तोच कायम राहील असं धरू. जन्मापासून दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला २४ हजार भरले, तर १५ वर्षांत ३ लाख ६० हजार जातात आणि मुलगी अठराची होते तेव्हा खात्यात सुमारे ९ लाख ७ हजार असतात. नवव्या वर्षी सुरुवात केली तर अठराव्या वर्षापर्यंत २ लाख १६ हजार भरून होतात आणि हाती सुमारे ३ लाख २७ हजार येतात. भरलेल्या रकमेतला फरक दीड लाखाहून कमी, पण जमलेल्या रकमेतला फरक पावणेसहा लाखांच्या वर. हा फरक व्याजावरच्या व्याजाचा आहे आणि त्याला वर्षं लागतात.

मुलगी दहावी पास झाली किंवा अठराची झाली, की आदल्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिल्लकेतून निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. प्रवेशाचा किंवा फीचा कागद जोडावा लागतो. रक्कम एकदम घ्या किंवा वर्षाला एक याप्रमाणे पाच वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत घ्या. उरलेल्या निम्म्यावर व्याज चालूच राहतं आणि तो पैसा पुढच्या शिक्षणाला उपयोगी पडतो.

एक तारीख मात्र विसरू नका. महिन्याच्या पाच तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज मिळतं. पगारदारांनी पाच तारखेच्या आत हप्ता भरावा. बागायतदारांनी द्राक्षाच्या पैशातून पाच एप्रिलच्या आत वर्षाची रक्कम भरली, तर पूर्ण बारा महिन्यांचं व्याज पदरात पडतं. एखादं वर्ष अवकाळीत गेलं, तरी किमान २५० भरावेत म्हणजे खातं चालू राहतं.

राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली आहे. तरीही पुण्या-मुंबईतलं राहणं, मेस, प्रवास आणि लॅपटॉप हा खर्च घरावरच असतो. तो वर्षाला सहा टक्क्यांनी वाढला, तर आजच्या एक लाखाचे १८ वर्षांनी २ लाख ८५ हजार होतात. म्हणून उत्पन्न वाढेल तसा हप्ताही वाढवावा.

मुलासाठी हे खातं नाही. त्याच्या नावाने पीपीएफ उघडावं. त्याची मुदत १५ वर्षांची आहे आणि सातव्या आर्थिक वर्षापासून काही रक्कम काढता येते.

बाळाचा जन्मदाखला महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून मिळाला, की तो घेऊन त्याच आठवड्यात पोस्टात जावं. हप्ता ५०० रुपयांचा असला तरी चालेल. तो पुढे वाढवता येतो, पण हातची गेलेली वर्षं परत मिळत नाहीत.