खेळाच्या पेपरवर बहिष्कार: कधी योग्य, कधी नाही?

आपल्या खेळाबद्दल वाकडं लिहिणाऱ्या पेपरवर चाहत्यांनी बहिष्कार टाकावा का? जरूर टाकावा, पण निव्वळ नावड हे कारण पुरेसं नाही. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या फुटबॉल क्लबचं उदाहरण बघा. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या सामन्यात चेंगराचेंगरी झाली. बळींचा आकडा अखेर ९७ वर गेला. चारच दिवसांनी ‘द सन’ या ब्रिटिश पेपरने पहिल्या पानावर छापलं, की लिव्हरपूलच्या चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने हे आरोप खोडून काढले आणि २०१६ मध्ये ज्यूरीने चाहत्यांना निर्दोष ठरवलं. लिव्हरपूल शहरातल्या कित्येक दुकानांनी हा पेपर ठेवणंच सोडलं. २०१७ मध्ये क्लबने ‘द सन’च्या बातमीदारांना आपल्या मैदानाची दारं बंद केली.

कुणी म्हणेल, यात टीकेचाच गळा घोटला जातो. पण संघाला झोडपणारे इतर पेपर तिथे खुशाल वाचले जातात. आक्षेप मतावर नव्हता, धादांत खोट्या बातमीवर होता. पेपरने पुढे माफी मागितली, हेही खरं. पण ती स्वीकारायची की नाही, हे ज्यांची माणसं गेली त्यांनीच ठरवायचं. म्हणून बहिष्काराआधी दोनच प्रश्न विचारा: बातमी खोटी असल्याचा पुरावा आहे का? आणि तिने माणसं दुखावली का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर पेपर घेऊ नका.