गाडीतला कट्टा आणि ‘मला माहीत नव्हतं’

मंडळी, आजचा विषय आम्हाला एका जुन्या विद्यार्थ्याने दिला. तो इथेच शेगावात भाड्याची गाडी चालवतो. स्टेशनवरून भक्तांना मंदिरावर सोडतो, कधी बऱ्हाणपूरचं भाडंही घेतो. म्हणाला, “सर, सवारीच्या बॅगेत कट्टा निंघाला तं मले बी आत टाकतीन काय?” सातपुड्यापलीकडच्या पाचोरीहून आलेले गावठी कट्टे आपल्या जिल्ह्यात पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच, त्यामुळे त्याची भीती काही हवेतली नव्हती. आम्ही आयुष्यभर ‘ज्ञान म्हणजे काय’ हे शिकवलं, पण उत्तर पटकन देता आलं नाही. म्हणून कायदा काढून बसलो.

अमेरिकेत काही राज्ये मोटारीला जवळजवळ घरासारखीच मानतात. टेक्सासने २००७ साली स्वतःच्या गाडीत परवान्याविना पिस्तूल बाळगायची मुभा दिली. आपल्याकडे हा वादच उभा राहत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ३ मिळवणे, ताब्यात ठेवणे आणि वाहून नेणे या तिन्हींना परवाना मागतं. मग घर असो की डिक्की. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साध्या पिस्तुलाला किमान दोन, कमाल पाच वर्षे कैद आणि दंड आहे, पूर्वी ती एक ते तीन वर्षे होती. परवानेवाल्यांनीही जपावं बरं का. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर जळगाव जामोद ओलांडून मध्य प्रदेशात शिरलं की तो चालत नाही.

आता मूळ प्रश्न. ‘ताबा’ कशाला म्हणायचं? सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली गुणवंतलाल खटल्यात सांगितलं की वस्तू हातातच हवी असं नाही, पण तिची जाणीव आणि तिच्यावर नियंत्रण हवं. १९९४ साली संजय दत्तच्या प्रकरणात घटनापीठानेही जाणीवपूर्वक ताब्याचीच गोष्ट केली. इथपर्यंत आमचा विद्यार्थी खूश.

पण पुढे कलम ३५ आहे. गाडी अनेकांच्या संयुक्त ताब्यात असेल आणि तीत बेकायदा शस्त्र सापडलं, तर ज्याला ज्याला ते ठाऊक होतं असं मानायला कारण आहे तो प्रत्येक जण, उलट सिद्ध होईपर्यंत, एकट्याने गुन्हा केल्यासारखाच जबाबदार. म्हणजे सगळा भार ‘मानायला कारण’ या दोन शब्दांवर! नैयायिक धुरावरून अग्नीचं अनुमान करतात, कारण धूर आणि अग्नी यांची व्याप्ती पक्की आहे. एका गाडीत बसणं आणि दुसऱ्याच्या बॅगेतलं माहीत असणं यांची अशी व्याप्ती नाही. आमच्या मते नुसत्या सहप्रवासावरून जाणीव काढणं हे सदोष अनुमान. कट्टा ड्रायव्हरच्या सीटखाली निघाला तर मात्र धूर दिसला म्हणायचं.

आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करायचं कसं? अभाव दाखवणं नेहमीच अवघड. सुदैवाने आरोपीकडून न्यायालय पूर्ण खात्री मागत नाही, त्याचं म्हणणं अधिक संभाव्य वाटलं तरी पुरतं. पण तोवर तारखा, वकील आणि ठाण्यात उभी असलेली गाडी! गुन्हा शाबीत झाला तर कलम ३२ खाली गाडीही सरकारजमा करता येते. ते न्यायाधीशांच्या मर्जीवर, पण करता येते.

विद्यार्थ्याला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते कलम ३६. वाहनावर काम करणाऱ्याला एखाद्या पेटीत वा गाठोड्यात बेकायदा शस्त्र असल्याचा संशय घ्यायला कारण असेल, तर जवळच्या ठाण्याला कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. न कळवण्याला सबळ कारण होतं, हेही त्यानेच दाखवायचं. म्हणजे इथे ज्ञान लागत नाही, संशय पुरतो. कलम २० तर वाहनावरच्या कर्मचाऱ्याला संशयितास विनावॉरंट अटक करायचाही अधिकार देतं. आम्ही त्याला म्हटलं, तो अधिकार पुस्तकातच राहू दे. दोन लेकरांच्या बापाने पिस्तूलवाल्याच्या अंगावर जाऊ नये.

मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं : बॅगा सवारीनेच ठेवायच्या, कोणती कुणाची ते विचारायचं, नाव आणि नंबर वहीत लिहायचा. ती वही आता त्याच्या गाडीत असते. काही सवाऱ्या चिडतात आणि दुसरी गाडी बघतात, असं परवाच सांगत होता.