पोखरलेलं हाड, सिरॅमिक आणि नॅनोकण

उत्तर नागपुरात, जरीपटका-इंदोऱ्याच्या बाजूला, सिकलसेल म्हणजे काय हे सहसा समजावून सांगावं लागत नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोलंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ सालीच आला होता. या आजारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरत नाही आणि ऐन तारुण्यात खुब्याचं हाड आतून मरू लागतं.

वेळेत कळलं तर सर्जन मेलेला भाग पोखरून काढतात. ती पोकळी भरायला सगळ्यात भरवशाचं म्हणजे रुग्णाच्याच कमरेचं हाड. पण त्यासाठी दुसरीकडे जखम करावी लागते, आणि मिळणारं हाडही मोजकंच. म्हणून सिरॅमिकचा पर्याय शोधला जातो.

हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजाचा, म्हणजे हायड्रॉक्सिअपेटाइटच्या जातीच्या कॅल्शियम फॉस्फेटचा असतो. बाकी मुख्यतः कोलॅजन आणि पाणी. हेच खनिज प्रयोगशाळेत तयार करून त्याचा सच्छिद्र सांगाडा, म्हणजे स्कॅफोल्ड, बनवता येतो. पुडीचा पाण्यात दाटसर घोळ करायचा, त्यात पॉलियुरेथेनचा स्पंज बुडवायचा, जास्तीचा घोळ पिळून काढायचा आणि स्पंज वाळवायचा. मग भट्टी. सुरुवातीला आच अगदी हळू वाढवतात, कारण स्पंज जळताना निघणाऱ्या वायूला वाट मिळाली नाही तर भिंती तडकतात. पुढे सुमारे १२०० अंश सेल्सिअसला पुडीचे कण एकमेकांना घट्ट धरतात. स्पंज गेलेला असतो, त्याची जाळी तेवढी सिरॅमिकमध्ये उरते.

रक्तवाहिन्यांना आत शिरायला छिद्रं साधारण ३०० मायक्रॉनची आणि एकमेकांना जोडलेली हवीत. पण छिद्रं वाढली की ताकद घटते, आणि हायड्रॉक्सिअपेटाइट मुळातच ठिसूळ. नॅनोकणांची गरज इथे पडते. झिर्कोनियाचे कण मिसळले, तर तडा त्यांच्यापाशी पोचताच ताणामुळे त्यांची स्फटिकरचना बदलते, ते किंचित फुगतात आणि तड्याचं तोंड दाबून धरतात. चांदीचे किंवा झिंक ऑक्साइडचे कण जंतूंना आवर घालतात. सिकलसेलच्या रुग्णांत हाडाला साल्मोनेलासारख्या जंतूंचा संसर्ग होण्याचा धोका असतो, म्हणून हा गुण मोलाचा. पृष्ठभागावरच्या नॅनो-खडबडीतपणामुळे प्रथिनं चिकटतात आणि त्यांच्या आधाराने हाडाच्या पेशी बसतात. आपल्या हाडातले खनिजाचे स्फटिकही जाडीला काही नॅनोमीटरच असतात.

प्रत्येक गुणाची किंमत मात्र मोजावी लागते. चांदी जास्त झाली तर जंतूंबरोबर हाडाच्या पेशीही मरतात. झिर्कोनियासोबत आच फार चढली तर हायड्रॉक्सिअपेटाइटचं काही अंशी ट्रायकॅल्शियम फॉस्फेट होतं, आणि ते शरीरात लवकर विरघळतं.

सगळ्यात अवघड काम कण पसरवण्याचं. इतके बारीक कण एकमेकांना ओढतात आणि पिठल्यात बेसनाच्या व्हाव्यात तशा गुठळ्या होतात. जिथे गुठळी, तिथूनच तडा सुरू होतो. म्हणजे ताकदीसाठी घातलेला पदार्थच कमजोरी ठरतो. त्यावर उपाय म्हणून घोळात अल्ट्रासाउंड सोडतात, त्याची आम्लता अशी राखतात की कणांवर सारखाच विद्युतभार येऊन ते एकमेकांपासून दूर राहतील. त्यामुळे एखाद्या शोधनिबंधात ‘इतके टक्के नॅनोकण घातले’ असं वाचलं, तर ते नीट पसरले का, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात आधी पाहावं.

पुढची चाचणी रक्तातल्या क्षारांसारख्या द्रावणात, ३६.५ अंशांना. काही दिवसांत नमुन्यावर अपेटाइटचा थर चढला तर ती चांगली खूण. त्यानंतर पेशी, प्राणी आणि शेवटी माणूस. चांदी-झिर्कोनिया घातलेले बहुतेक स्कॅफोल्ड अजून प्रयोगशाळेतच आहेत.

शिवाय कोणताही स्कॅफोल्ड सिकलसेल बरा करत नाही. खुब्याचं डोकं एकदा खचलं की पोकळी भरून भागत नाही, सांधाच बदलावा लागू शकतो. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाचा खुबा दुखत राहिला, तर एक्स-रे स्वच्छ आला तरी एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारावं; हाड मरायला लागल्याचं त्यात आधी दिसतं.