जुन्या जिप्सीला आधी बेल्ट, मग लाइट!

जुनी जिप्सी घरी आली, की बसवनगुडीतल्या हौशी माणसाची पहिली चक्कर जवळच्या जे. सी. रोडवर! तिथे गाडीचं सगळं सामान मिळतं. मग पुढे लोखंडी गार्ड, टपावर लाइट, रुंद टायर... यादी वाढतच जाते.

पण रविवारी नंदी हिल्सला जाताना मागे बसणार कोण? आजी आणि मुलं! बऱ्याच जिप्सींमध्ये मागे समोरासमोर बाक असतात, पट्टे नसतात. म्हणून पहिला खर्च पुढे तोंड असलेल्या, पट्ट्याच्या सीटवर करा. मात्र आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल चालत नाहीत. लोखंडी गार्ड तर नकोच. पादचाऱ्यांना धोका असल्याने केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे.

दुसरा खर्च ब्रेक आणि टायरवर. टायरवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली दिसली तरी रबर जुनं होतं. माप कंपनीने सांगितलेलंच ठेवा.

आणि हो, कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावू नका. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि गिअरवर ताण येतो. ती चिखलासाठी राखून ठेवा.

गाडी 15 वर्षांची झाली असेल, तर नोंदणीचं नूतनीकरणही तपासा.

लाइट? पुढच्या दिवाळीला बघू!