मणक्यातलं पाणी

‘पाणी काढू नका, माणूस लुळा पडतो.’ सहीचा कागद पुढे केला की नातेवाईक हे म्हणतातच. खरं तर मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई शिरते त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीत. तिथे पाण्यात सुट्या नसा असतात, त्या बहुधा बाजूला सरकतात. एवढं समजावायला दोन मिनिटं पुरतात. वॉर्डात तेवढीही कुणी काढत नाही.

वॉर्डातल्या एका तरुणाचं पाणी काढायचं होतं. रेसिडेंटनं आधी त्याचा सीटी पाहिला. कवटीत काही कारणानं दाब फार वाढला असेल, तर खालून पाणी काढताच मेंदू खाली सरकून अडकण्याची भीती. मग तापानं ग्लानीत असलेल्या त्या तरुणाला कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला. कमरेची हाडं चाचपून जागा ठरली. भुलीचं इंजेक्शन, मग लांब सुई. यापुढे डोळे कामाचे नाहीत, सगळी भिस्त बोटांवर. कातडी, चरबी, चिवट बंध, आणि एकदम हाताखालचा अडसर सुटतो. तिनं सुईतली तार मागे ओढली. थेंब आला.

हे पाणी निवळशंख असायला हवं. उजेडात धरलं तर हे किंचित धुरकट होतं.

मेंदूवर आणि मज्जारज्जूवर तीन आवरणं: बाहेरचं जाड, मधलं जाळीदार, आतलं घडीघडीला चिकटलेलं. पाणी असतं मधल्या आणि आतल्या आवरणाच्या दरम्यान, एका वेळी जेमतेम 150 मिलिलिटर. पण रोज सुमारे 500 मिलिलिटर नवं तयार होतं आणि जुनं रक्तात मिसळतं. हवेत 1400 ग्रॅम भरणारा मेंदू त्यात तरंगताना 50 ग्रॅमच्या आसपासच भार टाकतो. नाहीतर स्वतःच्याच वजनानं तळाकडच्या नसा चेंगरल्या असत्या. जर्मनीत क्विंके नावाच्या डॉक्टरनं 1891 मध्ये ही सुई टोचली ती दाब उतरवायला. निदानासाठीचा वापर पुढे रुळला.

नळ्या भरल्या. त्याच वेळी रक्तातली साखरही घेतली, तिच्याशी ताडल्याशिवाय पाण्यातल्या साखरेला अर्थ नाही. ‘मामा, फ्रीजमध्ये ठेवू नका, लॅबवाल्याच्या हातातच द्या,’ तिनं वॉर्डबॉयला बजावलं. उशीर झाला की पेशी फुटतात, मोजणी फसते.

संध्याकाळी रिपोर्ट आला: लिम्फोसाइट वाढलेले, प्रोटीन जास्त, साखर कमी. क्षयाचा मेंदूज्वर असावा. सीबीनॅट या क्षयाच्या जंतूंच्या चाचणीचा निकाल यायचा होता. औषधं त्याच रात्री सुरू झाली.