जीआरई की जीमॅट? धंदा सांभाळून परदेशी शिकायला निघालेल्यांसाठी



"सर, बाहेर शिकायला जायचंय. जीमॅटचा क्लास लावू की जीआरईचा?" धंदा असलेल्या घरांतली मुलं-मुली हा प्रश्न हल्ली फार विचारतात. व्हिडिओत मी थोडक्यात बोललो होतो. इथे सविस्तर लिहितोय, कारण यात आकडे बरेच आहेत आणि आकडे ऐकण्यापेक्षा वाचलेले बरे.

सगळ्यात आधी हे बघा की परीक्षेवरून कोर्स ठरत नाही, कोर्सवरून परीक्षा ठरते. आधी गाव ठरतं, मग तिकीट काढतात. प्रत्यक्षात मात्र उलटं होतं. मित्राने जीमॅट दिली म्हणून आपण देतो, किंवा ज्या परीक्षेची बॅच घराजवळ सुरू होतेय ती देतो. दोन्हींची फी वीस हजारांच्या वर जाते, क्लासचे पैसे वेगळे. तरी पैसा हा लहान भाग आहे. अभ्यासाचे तीन-चार महिने तुम्ही गल्ल्यावरून उठता, तेव्हा तुमची जागा कोणीतरी भरून काढत असतं. बहुतेक वेळा ते आई-वडील असतात. चुकीच्या परीक्षेत गेलेला सीझन परत मिळत नाही.

दोन उदाहरणं घेऊ. समजा, भोसरीत वडिलांचं सीएनसी जॉबवर्कचं शॉप आहे. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर. दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर पार्ट काढून देण्याऐवजी त्याला स्वतःचं प्रॉडक्ट बनवायचंय, म्हणून अमेरिकेत मॅन्युफॅक्चरिंगमध्ये एमएस करायचं डोक्यात आहे. याने जीमॅटचा विचारच करू नये. इंजिनिअरिंग, सायन्स, कॉम्प्युटर, फूड टेक्नॉलॉजी अशा मास्टर्सना परीक्षा लागलीच तर ती जीआरई. "लागलीच तर" हे मुद्दाम लिहिलंय. कोविडनंतर अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांनी जीआरई ऐच्छिक केली किंवा काढूनच टाकली. युरोपातही कित्येक कोर्सना ती लागत नाही. तेव्हा याने आधी आठ-दहा कोर्सची यादी करावी, प्रत्येकाच्या प्रवेशाच्या पानावर जीआरई "आवश्यक", "ऐच्छिक" की "स्वीकारत नाही" ते बघावं आणि एका एक्सेल शीटमध्ये लिहून ठेवावं. ही एक संध्याकाळची मेहनत आहे. एखाद्याची यादी अशीही निघते की परीक्षाच द्यावी लागत नाही, आणि तेवढा वेळ शॉपला मिळतो.

दुसरं उदाहरण. समजा, तासगावकडचं घर, बेदाण्याचा व्यवसाय. मुलगी बीकॉम, चार वर्षं धंद्यात मुरलेली, आता स्वतःच्या ब्रँडने निर्यात करायचं मनात आहे. तिला एमबीए करायचंय. हिच्यासमोर मात्र खरी निवड आहे, कारण आज बहुतेक बिझनेस स्कूल दोन्ही परीक्षा घेतात. हार्वर्ड, स्टॅनफर्डपासून आपल्याकडच्या आयएसबीपर्यंत आणि आयआयएम अहमदाबादच्या एक वर्षाच्या कोर्सपर्यंत दोन्ही चालतात. पुढचं सगळं मुख्यतः या मुलीसारख्यांसाठी आहे.

जीआरई दोन्हीकडे चालते, मग जीमॅट द्यायचीच कशाला?

रास्त प्रश्न आहे. एमएस की एमबीए हेच ज्याचं ठरत नाही, त्याने जीआरई द्यावी, दोन्ही दारं उघडी राहतात. पण एमबीए पक्कं असेल तर हिशेब बदलतो. जीमॅट ही जीमॅक नावाची संस्था बिझनेस स्कूलांसाठीच घेते. एमबीएनंतर कन्सल्टिंग किंवा इन्व्हेस्टमेंट बँकेत काही वर्षं नोकरी करून कर्ज फेडायचा बेत असेल, तर तिथल्या काही कंपन्या जीमॅटचा स्कोअर विचारतात. सरळ घरच्या धंद्यात परतणार असाल तर हा मुद्दा तुमच्यासाठी नाही. मग एकच बघायचं: कोणत्या परीक्षेत तुमचे मार्क चांगले येतील?

त्यासाठी दोन्ही परीक्षांचा स्वभाव कळायला हवा.

जीमॅट नोव्हेंबर २०२३ पासून बदलली. आता ती सव्वादोन तासांची आहे. तीन भाग, प्रत्येकाला ४५ मिनिटं. क्वांटमध्ये २१ प्रश्न, व्हर्बलमध्ये २३ आणि डेटा इनसाइट्स नावाच्या भागात २०. निबंध गेला, व्याकरणाचे वाक्यदुरुस्तीचे प्रश्न गेले, भूमितीही गेली. स्कोअर २०५ ते ८०५, आणि तिन्ही भागांना सारखंच वजन. क्वांटला कॅल्क्युलेटर नाही, तो फक्त डेटा इनसाइट्समध्ये मिळतो.

हा डेटा इनसाइट्सचा भाग धंदेवाल्यांनी नीट बघावा. यात तक्ते असतात, आलेख असतात, दोन-तीन कागद एकत्र वाचून निष्कर्ष काढायचा असतो. आणि एक खास प्रकार असतो ज्यात उत्तर काढायचंच नसतं, दिलेली माहिती पुरेशी आहे का एवढंच सांगायचं असतं. नमुना देतो. प्रश्न: एका दुकानाला गेल्या महिन्यात नफा किती झाला? पहिली माहिती: विक्री ५ लाखांची झाली. दुसरी माहिती: एकूण खर्च विक्रीच्या ८० टक्के होता. नुसत्या पहिलीवरून नफा कळत नाही. नुसत्या दुसरीवरून नफ्याचा टक्का कळतो, रक्कम नाही. दोन्ही मिळून कळतं. झालं उत्तर, "दोन्ही मिळून पुरेशी". एक लाख हा आकडा कोणी विचारलेलाच नाही. ज्याने उधारीची वही आणि बँकेचं स्टेटमेंट समोरासमोर ठेवून महिनाअखेर काढलीय, त्याला हा प्रकार लवकर जमतो असं माझं मत आहे. ज्यांना प्रत्येक गणित शेवटच्या पायरीपर्यंत सोडवायची सवय आहे, त्यांचा मात्र इथे वेळ जातो.

जीआरई ईटीएस ही संस्था घेते. तीही सप्टेंबर २०२३ पासून छोटी झाली, आता दोन तासांना दोन मिनिटं कमी. सुरुवातीला ३० मिनिटांचा एक निबंध, मग व्हर्बलचे २७ आणि क्वांटचे २७ प्रश्न. दोन्ही भागांना १३० ते १७० गुण, म्हणजे एकूण २६० ते ३४०. निबंधाला वेगळे ० ते ६. क्वांटला स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो, भूमिती आहे, पण शाळेतल्या पातळीची. दोन्ही परीक्षांत त्रिकोणमिती किंवा कॅल्क्युलस नाही, त्यामुळे कॉमर्सवाल्यांनी घाबरू नये.

जीआरईच्या गणितातही एक फसवा प्रकार आहे. दोन राशी देतात आणि मोठी कोणती विचारतात. 'क्ष'चा वर्ग मोठा की 'क्ष'? बहुतेक जण पटकन वर्ग म्हणतात. क्ष २ असेल तर बरोबर. पण क्ष अर्धा असेल तर वर्ग पाव होतो, म्हणजे लहान. क्ष १ असेल तर दोन्ही सारखे. म्हणून उत्तर, "सांगता येत नाही".

जीआरईत खरी परीक्षा असते ती शब्दांची. रिकाम्या जागी अचूक शब्द बसवायचा, किंवा सहा शब्दांतून असे दोन निवडायचे की वाक्याचा अर्थ सारखाच राहील. हे शब्द रोजच्या ईमेलमधले नसतात, इंग्रजी पुस्तकांतले असतात. मराठी किंवा सेमी-इंग्रजीतून शिकलेल्यांना हे जड जाऊ शकतं, कारण शब्दसंग्रह महिनाभरात वाढत नाही. जीमॅटच्या व्हर्बलमध्ये उतारे आणि युक्तिवाद असतात: या म्हणण्याला बळकटी कशाने येईल, यात गृहीत काय धरलंय, असे प्रश्न. तिथे अवघड शब्दांपेक्षा डोकं शांत ठेवून वाचणं लागतं. इंग्रजी बेताचं पण तर्क पक्का असेल, तर मी जीमॅटकडे झुकेन. इंग्रजी वाचन लहानपणापासूनचं असेल आणि कॅल्क्युलेटरशिवाय हात थरथरत असेल, तर जीआरई.

वेळेच्या बाबतीतही फरक आहे. जीआरईत एका सेक्शनच्या आत पुढे-मागे जाता येतं, उत्तरं हवी तेवढ्या वेळा बदलता येतात. पहिला सेक्शन कसा सोडवला त्यावरून दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. जीमॅटमध्ये प्रत्येक उत्तरानुसार पुढचा प्रश्न बदलतो, आणि सेक्शनच्या शेवटी जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात. शिवाय प्रश्न अर्धवट सोडले तर मार्क कापले जातात. एकाच प्रश्नाला चिकटून बसणाऱ्या माणसाचं इथे नुकसान होतं.

माझं सांगणं ऐकून ठरवू नका, तपासून बघा. दोन्ही संस्था आपापल्या वेबसाइटवर पूर्ण लांबीच्या दोन-दोन सराव परीक्षा फुकट देतात. एका रविवारी जीमॅटची एक द्या, पुढच्या रविवारी जीआरईची एक. अभ्यास न करता, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, घड्याळ लावून. दोन्ही स्कोअरचे पर्सेंटाइल बघा, कारण ६०५ आणि ३१० हे आकडे नुसते शेजारी ठेवून काहीच कळत नाही. ज्यात पर्सेंटाइल वर, ती तुमची परीक्षा. हे करण्याआधी कुठल्याही क्लासमध्ये ॲडव्हान्स भरू नका.

आता सीझनचं. बिझनेस स्कूलांच्या अर्जांची पहिली फेरी साधारण सप्टेंबरमध्ये बंद होते, दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला. एमएसचे बरेच अर्ज डिसेंबर-जानेवारीत. बेदाण्याच्या घरात फेब्रुवारी ते एप्रिल मान वर करायला वेळ नसतो. मग मेमध्ये सुरुवात, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा, असं बसतं. पुन्हा द्यावी लागली तर जीमॅटमध्ये १६ दिवसांचं आणि जीआरईत २१ दिवसांचं अंतर लागतं, ते मोजून तारीख घ्या. फटाके, मिठाई, कपडे यांच्या दुकानवाल्यांनी दिवाळीपूर्वीच्या दोन महिन्यांत परीक्षा ठेवू नये, पहिली फेरी गेली तरी चालेल. दोन्ही स्कोअर पाच वर्षं चालतात, त्यामुळे परीक्षा आत्ता देऊन अर्ज दोन वर्षांनी करणंही शहाणपणाचं ठरू शकतं. इंग्रजीच्या आयईएलटीएस, टोफेलचं तसं नाही. त्यांचे गुण दोन वर्षांतच बाद होतात, म्हणून ती परीक्षा अर्जाच्या जवळ द्या. जीआरई-जीमॅट दिली म्हणून तिच्यातून सहसा सुटका होत नाही.

पुस्तकांबद्दल. आप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, घ्यायला हरकत नाही, पण २०२३ च्या आधीची असतील तर त्यात वाक्यदुरुस्ती, जीमॅटची भूमिती, जीआरईचा दुसरा निबंध असं बरंच आता नसलेलं सापडेल. तेवढं सोडून गणित करा. आणि जुन्या विद्यार्थ्यांनी "७०० च्या वर पाहिजे" असं सांगितलं तर घाबरू नका. ते जुन्या स्केलवरचं ७००, आताच्या स्केलवर ते साधारण ६४५ च्या आसपास येतं.

ज्यांची धंद्यात दहा-बारा वर्षं झालीत आणि एक्झिक्युटिव्ह एमबीए करायचंय, त्यांनी एक्झिक्युटिव्ह असेसमेंट ही जीमॅकचीच दीड तासाची परीक्षा आपल्या कोर्सला चालते का ते विचारावं. तयारी बरीच कमी लागते.

शेवटी नावाचं. नोंदणी करताना पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच टाका. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव असतं, आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींनी तर आधी पासपोर्ट बघावा. जीमॅटला भारतात ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, आधार कार्ड दाखवून आत सोडत नाहीत. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर परीक्षेची तारीख घेण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करा.